बोन्सायसाठी नर्सरीतील मोठे झाड: वाहतूक आणि पहिली छाटणी

वडाचे रोप सुरुवातीपासून कुंडीतच वाढवले, तर त्याचा बुंधा मनगटाएवढा व्हायला दहाएक वर्षे सहज जातात. म्हणून बोन्साय करणारे बरेच जण नर्सरीत पिशवीत किंवा जमिनीत वाढलेले जाड बुंध्याचे तयार झाड विकत घेतात आणि ते कापून, लहान करून, पुन्हा फुटवून घडवतात. यात वेळ वाचतो हे खरे, पण घाई करण्याचा मोहही इथेच होतो. झाड आणले, त्याच दिवशी शेंडा उडवला, त्याच दिवशी मुळे धुऊन उथळ कुंडीत बसवले आणि महिन्याभरात वाळले, असे अनेकांचे होते. झाडाला या कामात तीन आघात सोसावे लागतात: प्रवास, खोडाची छाटणी आणि मुळांची छाटणी. यांतले कोणते दोन एकत्र चालतात आणि कोणत्या दोहोंमध्ये अंतर ठेवावेच लागते, हे झाडाच्या जातीवर आणि ऋतूवर अवलंबून असते. नर्सरीत करवत हातात घ्यायचीच झाली, तर ती गाडीच्या मापापुरती घ्यावी. झाडाच्या आकाराचा निर्णय ते घरी आणून, सर्व बाजूंनी पाहून मगच करावा.

घेण्यापूर्वी काय पाहावे

पुणे-सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी, उरुळी कांचन या पट्ट्यात नर्सऱ्यांची रांगच आहे आणि तिथे स्थानिक वाढवलेल्या झाडांबरोबर आंध्र प्रदेशातील कडियमहून ट्रकने आलेली मोठी झाडेही मिळतात. कडियम गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात असल्याने तिथली हवा दमट असते. तिथले झाड थेट देशावरच्या कोरड्या उन्हात आले, की पाने गाळते. म्हणून असे झाड नर्सरीत येऊन किती दिवस झाले आहेत हे विचारावे आणि इथे आल्यानंतर त्याला नवी पालवी फुटलेली दिसत असेल तरच ते घ्यावे. नुकते उतरवलेले झाड स्वस्त मिळाले तरी त्याचा एक प्रवास अजून अंगावर असतो, त्यावर लगेच दुसरा लादू नये.

पाहण्याची सुरुवात खालून करावी. पिशवीतील वरची माती बोटांनी किंवा खुरप्याच्या टोकाने दोन-तीन इंच बाजूला सारावी. पिशव्या बदलताना झाड दर वेळी थोडे अधिक खोल बसवले जाते, त्यामुळे खोडातून मुळे जिथे फुटून पसरतात तो भाग, ज्याला बोन्सायवाले नेबारी म्हणतात, बऱ्याचदा चार-पाच इंच मातीखाली गेलेला असतो. तो गोल, चहूबाजूंनी फुटलेला असेल तर वरच्या फांद्या कशाही वेड्यावाकड्या असल्या तरी झाड घेण्यासारखे आहे, कारण फांद्या नव्याने आणता येतात. एकाच बाजूला जाड मूळ असेल, किंवा एखादे मूळ खोडाला विळखा घालून त्यात रुतलेले असेल, तर विचार करावा. फायकसच्या, म्हणजे वड-पिंपळाच्या कुळातल्या, झाडांत कलम कुठे बांधले आहे हेही पाहावे. बुंधा एका जातीचा, वरचा भाग दुसऱ्या जातीचा आणि मधोमध फुगवटा, असे झाड बोन्साय म्हणून उभे केले की तो फुगवटा आयुष्यभर डोळ्यांत खुपतो. तसे झाड घेतलेच, तर कलमाखाली छाटून मूळ बुंध्यालाच फुटवावे लागेल हे गृहीत धरावे.

पानांच्या मागे पिठ्या ढेकूण, खोडावर खवले कीड, नांद्रुकाच्या दुमडलेल्या पानांत काळे फुलकिडे आहेत का ते तपासावे. खोडावर मुंग्यांची रांग चढत असेल, तर वर कुठेतरी मावा किंवा खवले कीड असण्याचा संभव मोठा असतो.

आणि मग पिशवी हलवून पाहावी, कारण नर्सरीतल्या मोठ्या झाडांच्या मरतुकीचे एक मोठे कारण तिथे दडलेले असते. वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवलेल्या झाडाची मुळे पिशवीच्या भोकांतून थेट जमिनीत उतरतात. वरून झाड हिरवेगार, भरदार दिसते, पण त्याचे निम्मेअधिक पाणी पिशवीबाहेरच्या मुळांतून येत असते. विकताना माळी कुदळीचा एक घाव घालून ती तोडतो, झाड गाडीत चढते आणि आठवड्याभरात माना टाकते. खरेदीदाराला वाटते आपली निगा कमी पडली. पिशवी जागची हलत नसेल, तर झाड पसंत करून बयाणा द्यावा आणि नर्सरीवाल्याला ती मुळे आताच तोडून, पिशवी विटांवर उचलून, तीन-चार आठवडे तिथेच सावलीच्या बाजूला ठेवायला सांगावे. या काळात पिशवीतल्या उरलेल्या मुळांना तंतुमुळे फुटतात. पुष्कळसे नर्सरीवाले हे आनंदाने करतात. जो करायला तयार नसेल त्याच्याकडून तेवढे मोठे झाड घेऊच नये, असे माझे मत आहे.

केव्हा आणावे

महाराष्ट्रात देशी वड, उंबर, पिंपळ, पायरी, नांद्रुक यांसाठी दोन काळ सोयीचे आहेत. पहिला महाशिवरात्रीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा, जेव्हा यांतली बरीच झाडे पान बदलतात आणि नवी पालवी फेकण्याची ताकद त्यांच्यात साठलेली असते. दुसरा मृगाचा पाऊस चांगला लागून हवेत ओल आल्यानंतरचा, म्हणजे जूनच्या उत्तरार्धापासून पुढचे दीड-दोन महिने. विदर्भ-मराठवाड्यात फाल्गुनातच उन्हाचा कडाका इतक्या लवकर वाढतो की तिथे पहिला काळ आखूड असतो आणि पावसाळ्यावरच भर द्यावा. कोकणात उलट आषाढातली संततधार अडचणीची ठरते, कारण छाटलेले झाड पाणी कमी ओढते आणि चिकण माती आठवडेच्या आठवडे ओलीच राहते. बोगनवेल फेब्रुवारी-मार्चमध्ये, उबदार पण कोरड्या हवेत आणावी. पौष-माघातल्या थंडीत नाशिक-पुण्याकडे कोणतेच उष्ण प्रदेशातले झाड हलवू किंवा छाटू नये. ते मरत नाही, पण फुटतही नाही, आणि उघडी जखम तशीच पडून राहते.

वजन, गाडी आणि बांधणी

झाड किती उंच आहे हे सगळे विचारतात, मातीचा गड्डा किती जड आहे हे फार थोडे विचारतात. ओल्या मातीचे वजन लिटरला साधारण 1.6 ते 1.8 किलो धरावे. 45 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर उंच गड्ड्यात सुमारे 64 लिटर माती असते, म्हणजे वजन शंभर किलोच्या पुढे गेले. गड्डा 60 सेंटिमीटर रुंद आणि 50 सेंटिमीटर उंच असेल तर माती 140 लिटरपर्यंत जाते आणि वजन सव्वादोनशे ते अडीचशे किलो होते. पहिला गड्डा दोन-तीन माणसे झोळीत घालून उचलू शकतात. दुसऱ्याला निदान सहा माणसे किंवा चेन पुली हवी. घर इमारतीत असेल तर लिफ्टमधली पाटीही आधी वाचावी. सहा माणसांच्या लिफ्टवर सहसा 408 किलो लिहिलेले असते. त्यात मोठा गड्डा, हातगाडी आणि दोन हमाल एवढ्यावरच भार मर्यादेजवळ पोहोचतो, शिवाय दारातून फांद्या आत जातील का हा प्रश्न वेगळाच. गच्चीवर ठेवायचे असेल तर जागा स्लॅबच्या मध्यावर न निवडता तुळईवर किंवा खांबाजवळ निवडावी.

आदल्या संध्याकाळी पिशवीला पोटभर पाणी द्यावे आणि निघायच्या दिवशी सकाळी देऊ नये. माती कोरडी असेल तर गड्डा उचलताना भुगा होऊन सांडतो, आणि चिखल असेल तर स्वतःच्याच वजनाने फाटून मुळे तोडतो. रात्रभर निथळलेली माती मुठीत दाबली असता गोळा होते पण बोटांमधून पाणी येत नाही, तीच योग्य. पिशवी जुनी, उन्हाने कडक झालेली असेल तर ती हात लावताच फाटते, म्हणून तिच्यावरून गोणपाट गुंडाळून सुतळीने आडवे-उभे फास द्यावेत. जमिनीतून काढलेल्या झाडाला हे बांधकाम खड्ड्यातच करून घ्यावे, वर काढल्यावर नव्हे.

उचलताना खोडाला धरू नये. खोडाला धरून उचलले की गड्ड्याचे सगळे वजन खोड आणि मुळे यांच्या सांध्यावर येते, आणि नेमका तोच भाग बोन्सायमध्ये सर्वांत मोलाचा असतो. बोगनवेलीची मुळे तर इतकी ठिसूळ असतात की एका हिसक्यात आतल्या आत तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गड्ड्याखाली जाड ताडपत्री किंवा दुहेरी गोणपाट सरकवून त्याची झोळी करावी, झोळीच्या दोन्ही टोकांत बांबू घालावा आणि खोडाला एका माणसाने फक्त तोल सावरण्यापुरता हात द्यावा.

छोटा हत्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेम्पोचा हौदा सुमारे सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. सहा-साडेसहा फुटांचे झाड त्यात आडवे मावते. त्याहून उंच असेल तर वरचा भाग नर्सरीतच कापावा लागतो, आणि तेवढाच कापावा. ज्या उंचीचे बोन्साय करायचे आहे तिच्या कितीतरी वरचा तो भाग असल्याने त्याचे काहीच बिघडत नाही. बाजूला ताठ गेलेल्या फांद्या सुतळीने खालून वर हलकेच ओढून खोडाशी बांधल्या की कापण्याची गरज आणखी कमी होते. पानांचा भार मात्र निम्म्यावर आणलेला बरा, कारण तुटलेल्या मुळांना तेवढे पाणी पुरवता येत नाही. फांद्या न तोडता मोठी जून पाने देठापाशी कात्रीने कापावीत. हे वड-उंबर-नांद्रुकाला लागू आहे, जुनिपरला आणि सुरूला नाही.

गाडीत गड्डा केबिनच्या बाजूला आणि शेंडा मागे, अशी मांडणी ठेवावी. त्यामुळे वारा फांद्यांच्या वाढीच्या दिशेने जातो, उलटा शिरून त्या मोडत नाही, आणि अचानक ब्रेक लागला तर जड गड्डा केबिनच्या भिंतीला आधीच टेकलेला असतो. गड्ड्याच्या दोन्ही अंगांना विटा किंवा मातीच्या पिशव्या लावून तो लोळणार नाही असे करावे. जिथे खोड हौद्याच्या कडेला टेकते तिथे जुना टायर किंवा भाताच्या पेंढ्याची जाड गादी द्यावी. नांद्रुकाची आणि वडाची साल या जागी एकदा सोलली की तो डाग वर्षानुवर्षे दिसतो. दोर खोडावरून नेऊ नये, गड्ड्यावरून न्यावा. झाडावर शेडनेट दुहेरी करून घट्ट गुंडाळावे. ताडपत्री टाकली तर उन्हात आत भट्टी होते, आणि काहीच टाकले नाही तर ताशी साठ किलोमीटरचा वारा दोन तासांत पाने करपवून टाकतो. शक्य असेल तर पहाटे निघावे. खंबाटकी किंवा कुंभार्ली उतरायची असेल तर घाटमाथ्यावर थांबून दोर पुन्हा आवळावेत, कारण एवढ्या धक्क्यांनी ते सैल झालेलेच असतात. नर्सरीचे बिल गाडीत ठेवावे, कारण रस्त्यात झाडाविषयी कोणी विचारलेच तर ते दाखवता येते.

आल्यानंतरचे दिवस

झाड त्याच पिशवीत, त्याच मातीत, अर्ध्या सावलीत ठेवावे. फुटलेली पिशवी असेल तर ती न काढता तशीच मोठ्या पिशवीत किंवा भाजीच्या क्रेटमध्ये बसवून भोवती माती भरावी. वाऱ्याने हलू नये म्हणून तीन बाजूंनी दोर द्यावेत, कारण झाड डुलत राहिले की नवी फुटणारी मुळे तुटत राहतात. फायकसच्या बऱ्याच जाती जागा बदलली की पाने पिवळी करून टाकतात. ती पाहून घाबरून पाणी वाढवणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे. पाने कमी झाली म्हणजे पाण्याची गरजही कमी झाली. दोन इंच खोल बोट घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, मात्र खोडावर आणि फांद्यांवर दिवसातून दोन-तीनदा फवारा मारावा. झाड जिवंत आहे की नाही अशी शंका आली, तर फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. खाली हिरवे ओले दिसले तर वाट पाहावी.

नवी पालवी फुटून तिची पाने पक्की होईपर्यंत खोडाला करवत लावू नये. फायकसला पावसाळ्यात यासाठी चार ते सहा आठवडे पुरतात, चिंच आणि कामिनीला जास्त लागतात. हा वेळ वाया जात नाही. झाड डोळ्यांसमोर असते, ते वळवून पाहता येते, पुढची बाजू कोणती ठेवायची, खोडाची कोणती लय वापरायची, हे ठरत जाते. वरची माती हळूहळू खरवडून खरी नेबारी किती खोल आहे ते पाहून घ्यावे, कारण उंचीची मोजणी तिथून सुरू होते, मातीच्या पृष्ठभागापासून नव्हे.

खोडाची छाटणी

बोन्सायची तयार उंची बुंध्याच्या तळाच्या व्यासाच्या साधारण सहापट ठेवावी, हा रूढ अंदाज आहे. बुंधा 10 सेंटिमीटरचा असेल तर झाड 60 सेंटिमीटरचे दिसायला भारदस्त वाटते. पण पहिला घाव 60 सेंटिमीटरवर घालायचा नसतो. नर्सरीतले खोड बहुधा खालून वर सारख्याच जाडीचे असते. ते 60 वर तोडले तर खांब उभा राहतो. म्हणून पहिला घाव तयार उंचीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे 20 सेंटिमीटरच्या आसपास घालावा, तिथून निघणारा नवा फुटवा पुढचे खोड म्हणून वाढवावा, तो पुरेसा जाड झाला की त्यालाही वर पुन्हा छाटावे. अशा दोन-तीन टप्प्यांत खोड वर निमुळते होत जाते. ज्यांना हे फार कठोर वाटते त्यांनी आधी खोडाच्या खालच्या भागात एखादी चांगली फांदी आहे का ते शोधावे. असेल, तर तिच्या वर छाटून तिलाच नवा शेंडा करता येतो आणि दोन वर्षे वाचतात.

कापून टाकायचा वरचा भाग फुकट घालवण्याचे कारण नाही. वड, नांद्रुक, पायरी यांच्यात छाटणीपूर्वी त्या भागावर गुटी बांधली, तर एका झाडाची दोन होतात. जिथे नवे झाड सुरू व्हायचे तिथे खोडाच्या जाडीएवढ्या रुंदीचा सालीचा पूर्ण वलयाकार पट्टा काढावा, खालचा चिकट थर चाकूने खरवडावा, भिजवून पिळलेले शेवाळ बांधून वर प्लास्टिक गुंडाळावे. पावसाळ्यात फायकसला महिना-दीड महिन्यात पांढरी मुळे प्लास्टिकमधून दिसू लागतात. ती तपकिरी होऊन फाटे फुटले की खालून कापावे, आणि मग उरलेला बुंधा हाच छाटलेला बुंधा असतो.

पावसाची उघडीप असलेला दिवस निवडावा. करवत आणि कात्री स्पिरिटने पुसाव्यात. ठरलेल्या जागेच्या पाच ते आठ सेंटिमीटर वर कापावे, कारण घावापासून खाली काही अंतर लाकूड वाळत येते आणि ते कुठे थांबेल हे आधी सांगता येत नाही. पिंपळाच्या बाबतीत हा थुटका आणखी लांब ठेवावा. जड शेंडा दोराने वर बांधून घ्यावा, आधी खालच्या बाजूने खोडाच्या पाव भागापर्यंत करवत चालवावी आणि मग वरून कापत यावे. नाहीतर अर्धे कापून होताच शेंडा झुकतो आणि सालीची लांब पट्टी थेट बुंध्यापर्यंत सोलून नेतो. करवतीने चिंधडलेली सालीची कड धारदार चाकूने गुळगुळीत करावी, कारण जखम भरून काढणारी वाढ याच कडेतून येते. फायकसचा चीक भळाभळा वाहतो. थंड पाण्याचा फवारा मारून ओल्या फडक्याने पुसत राहावे, तो थांबतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये. अडेनियमचा, म्हणजे वाळवंटी गुलाबाचा, चीक तर विषारी असतो, तिथे हातमोजे घालावेतच.

घावावर काय लावावे याविषयी हळदीपासून मेणापर्यंत अनेक मते आहेत. आपल्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागायतदारांची बोर्डो पेस्ट मला सर्वांत भरवशाची वाटते. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवावे. लोखंडी भांडे चालत नाही. चुना थंड झाल्यावर दोन्ही एकत्र ओतत ढवळावे. घासून चकचकीत केलेले लोखंडी पाते त्यात मिनिटभर बुडवावे. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर मिश्रणात मोकळे तांबे आहे असे समजून थोडी चुन्याची निवळी वाढवावी आणि पाते स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा तपासावे. पेस्ट त्याच दिवशी वापरावी, आणि ब्रशने फक्त कापलेल्या तोंडावर लावावी, कारण सालीवर ओघळली तर निळसर डाग बराच काळ राहतो. बोगनवेलीला तर हे टाळूच नये. तिचे लाकूड पोकळसर, मऊ असते आणि पावसात उघडा घाव आत कुजत जातो.

इथवर सांगितलेले पूर्ण छाटणीचे तंत्र उघड्या, पानरहित खोडावरून फुटणाऱ्या झाडांसाठी आहे. वड, उंबर, नांद्रुक, पायरी, बोगनवेल आणि चिंच अशी फुटतात. कामिनी फुटते, पण मंद, म्हणून तिची एखादी हिरवी फांदी राखून दोन टप्प्यांत छाटावे. विलायती चिंचही मी तशीच टप्प्याने छाटतो. सुरू आणि जुनिपर जून, पानरहित लाकडावरून फुटतील यावर विसंबू नये. ज्या फांदीवर हिरवे शिल्लक नाही ती फांदी गेली असे समजावे, आणि एका हंगामात जुनिपरचा एक तृतीयांशाहून अधिक पाला काढू नये. नर्सरीतला उंच, तळाशी उघडा सुरू पाहून तो छाटून बुटका करता येईल असे वाटत असेल, तर ते झाड तिथेच सोडावे.

मुळे

फायकसच्या निरोगी झाडाची मुळे आणि खोड पावसाळ्यात एकाच दिवशी छाटता येतात. वर पाने उरलेलीच नसतात, म्हणून मुळांवर मागणीही नसते. प्रवास मात्र त्या दोहोंआधी किमान महिनाभर झालेला असावा. इतर झाडांची मुळे छाटण्यासाठी पुढचा योग्य हंगाम येईपर्यंत थांबावे. बोगनवेलीचा गड्डा पूर्ण धुऊ नये, बाजूने आणि खालून थोडा कमी करून तसाच बसवावा.

फायकसचा गड्डा आडवा करून खालचा एक तृतीयांश भाग जुन्या करवतीने सरळ कापून टाकावा. उरलेल्या गड्ड्याची माती लोखंडी आकड्याने खोडाकडून बाहेर विंचरत सोडवावी, मग पाण्याच्या धारेने चिकण माती धुवावी. खाली सरळ गेलेले सोटमूळ आणि जाड मुळे आखूड करावीत, तोंड खालच्या बाजूला येईल असे कापावे, म्हणजे नवी तंतुमुळे त्या कडेतून फुटून मातीत शिरतात. खोडाभोवती फिरलेली मुळे काढावीत, नेबारीची मुळे चाकाच्या आऱ्यांसारखी पसरवून बसवावीत. काम सावलीत करावे आणि उघडी मुळे सतत ओल्या गोणपाटाखाली ठेवावीत.

या टप्प्यावर बोन्सायची सुंदर कुंडी बाहेर काढू नये. आत शेडनेट अंथरलेला भाजीचा क्रेट किंवा लाकडी खोके, 20 ते 25 सेंटिमीटर खोल, उत्तम. मिश्रणात पक्क्या भाजलेल्या विटांचे 3 ते 6 मिलिमीटरचे तुकडे निम्मे, चौथाई भरड वाळू आणि उरलेल्या चौथाईत कोकोपीट व मुरलेले शेणखत, असे प्रमाण पुण्याच्या हवेत चांगले चालते; कोकणात वीट वाढवावी, छत्रपती संभाजीनगर-नागपूरकडे कोकोपीट. विटांची पूड चाळून फेकावी, नाहीतर तीच तळाशी बसून चिखल करते. बाजूच्या शेतातली काळी माती घालू नये, ती सुकली की भेगाळते आणि तंतुमुळे तोडते. झाड क्रेटच्या तळातून घेतलेल्या तारेने घट्ट बांधावे, तारेखाली रबराचा तुकडा ठेवावा. अडेनियमला मुळे छाटल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये. बाकीच्यांना लगेच, तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत द्यावे.

फुटवा आल्यावर

तीन ते सहा आठवड्यांत बुंध्यावर ठिकठिकाणी लाल-हिरवे कोंब दिसू लागतात. या वेळी हात आवरावा आणि सगळे वाढू द्यावेत. कोंबांच्या पानांतूनच मुळांना अन्न मिळते, आणि खोड कुठपर्यंत जिवंत राहिले आहे हेही तेच सांगतात. खत कोंब बोटभर लांब झाल्यावरच, तेही पातळ करून द्यावे. 50 टक्के शेडनेट हळूहळू दूर करून झाड सकाळच्या उन्हात आणावे. कोंब पेन्सिलीच्या जाडीचे झाले की एका ठिकाणाहून फुटलेल्या झुपक्यातला एकच ठेवावा, कारण चार फांद्या एका जागी जाड झाल्या की तिथे खोड सुजते. वरच्या बाजूचा सर्वांत जोमदार कोंब नवा शेंडा म्हणून निवडून तारेने किंवा सुतळीने उभा धरावा आणि त्याला छाटल्याशिवाय मोकळा वाढू द्यावा. फुटव्यांच्या वर राहिलेला वाळका थुटका पुढच्या फाल्गुनात, शेंड्याच्या कोंबाच्या मागच्या बाजूला उतरत्या तिरक्या कापाने काढावा, त्याचा मधला भाग छिन्नीने किंचित खोलगट करावा आणि कडेला पुन्हा बोर्डो पेस्ट लावावी.